छातींतली कळ आणि शिपायाचें हृदय

धांवतांना किंवा चढण चढतांना पायांत गोळा आला, तर माणूस खालीं बसून पाय चोळतो. खांदा लचकला, तर शेक घेतो. पण त्याच वेळीं डाव्या छातींत कळ उठली, तर तो जागच्या जागीं थबकतो आणि त्याच्या मनांत एकच प्रश्न उभा राहतो : आंतलें यंत्र बिघडलें कीं काय? कित्येकदां तें खरोखरच बिघडलेलें असतें. कित्येकदां मात्र हृदय अगदीं धडधाकट असून चिंता, भय, जागरण आणि थकवा ह्यांनीं ती कळ उत्पन्न केलेली असते; आणि कळ आली म्हणून चिंता दुणावते, चिंता दुणावली म्हणून कळ पुन्हां येते. आपल्या भाषेला ही गोष्ट फार जुनी ठाऊक आहे. 'काळजांत धस्स झालें', 'छाती दडपली' असें आपण म्हणतों, तेव्हां कोणाचें हृदय फाटलें असें कोणी समजत नाहीं. परंतु भाषेला जें सहज समजलें, तें शास्त्राला सिद्ध करावयास पावणेदोनशें वर्षांच्या जवळपास काळ लागला. आणि त्या काळांत ह्या भेदाच्या चुकीपायीं अनेक तरुणांच्या आयुष्याचा निकाल लागला. ह्याचें कारण असें कीं, हा प्रश्न खऱ्या अर्थानें ऐरणीवर आला तो घरगुती दवाखान्यांत नव्हे, तर सैन्याच्या छावणींत.

आरंभ मात्र शांततेच्या काळांतला आहे. लंडनचे डॉक्टर विल्यम हेबर्डन ह्यांनीं १७६८ सालीं तेथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स ह्या संस्थेपुढें एक छोटा निबंध वाचला. तो १७७२ सालीं छापून निघाला. चालतांना, विशेषतः जेवणानंतर चढ चढतांना, कांहीं माणसांच्या छातींत आवळून धरल्यासारखी वेदना होते, आतां प्राण जातो असें वाटतें, आणि माणूस उभा राहिला कीं ती वेदना नाहींशी होते, असें त्यांनीं लिहिलें. ह्या दुखण्याला त्यांनीं 'अँजायना पेक्टोरिस' हें नांव दिलें. आपण त्यास हृच्छूल म्हणूं. त्याचें मूळ कशांत आहे हें हेबर्डन ह्यांना उमगलें नव्हतें. पण त्यांनीं एक फार मोलाची खूण सांगून ठेविली, ती म्हणजे वेदनेचें घड्याळ. श्रमाबरोबर येणें आणि विश्रांतीबरोबर जाणें हा ह्या वेदनेचा धर्म. त्यांच्याच लिखाणांत अशा एका रोग्याचा उल्लेख आहे कीं, त्यानें रोज अर्धा तास लांकूड करवतण्याचा नेम धरला आणि तो जवळजवळ बरा झाला. ही एका ओळीची नोंद पुढें दीडशें वर्षें कोणीं फारशी मनावर घेतली नाहीं, ह्याचें नवल वाटतें.

ह्या हृच्छुलाचें मूळ हृदयालाच रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांत असावें असा संशय देवीच्या लसीमुळें पुढें जगप्रसिद्ध झालेल्या एडवर्ड जेन्नर ह्यांना आला होता. तथापि त्यांचे गुरु, प्रख्यात शस्त्रवैद्य जॉन हंटर, हे स्वतःच ह्या रोगानें पछाडलेले होते. आणि गुरूंना आपल्या मरणाची पूर्वसूचना मिळूं नये म्हणून जेन्नर ह्यांनीं आपला संशय प्रसिद्ध केला नाहीं. हंटर ह्यांची वेदना श्रमानें येई, तशीच रागानेंहि येई. कोणींहि उपटसुंभानें चिडवावें आणि आपला प्राण जावा, अशी आपली स्थिति असल्याचें ते बोलून दाखवीत. १६ ऑक्टोबर १७९३ रोजीं रुग्णालयाच्या एका सभेंत कडाक्याचा वाद झाला, हंटर रागारागानें बाहेर पडले आणि तेथेंच गतप्राण झाले. शवपरीक्षेंत त्यांच्या हृदयाच्या रोहिण्या कठीण झालेल्या आढळल्या. मनाच्या क्षोभानें आलेली वेदना म्हणजे खोटी वेदना नव्हे, हें ह्याहून स्पष्ट कोणीं सांगावें? इजा खरी होती; राग हा केवळ तिचा घोडा ओढणारा होता.

आतां ह्याच्या उलट बाजू. अमेरिकेंत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें होतें. त्या वेळीं फिलाडेल्फिया शहरांत टर्नर्स लेन ह्या ठिकाणीं एक लष्करी रुग्णालय होतें. तेथें वेअर मिचेल आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या गोळीनें मज्जातंतु दुखावलेल्या शिपायांची पाहणी करीत. ज्यांचे पाय कापून टाकले होते, अशांपैकीं पुष्कळजण नसलेल्या पायाचीं बोटें ठणकतात असें सांगत. मिचेल ह्यांनीं ह्या प्रकाराला पुढें भुताटकीचें नांव दिलें, आणि तें अजून चालतें. जखम कोठें आहे तें दाखवितां येत नाहीं म्हणून वेदना लटकी ठरत नाहीं, हा धडा त्या रुग्णालयाच्या भिंतींतच होता असें म्हणावयास हरकत नाहीं.

त्याच रुग्णालयांत जेकब मेंडेस दा कोस्टा हे डॉक्टर काम करीत. ह्यांचा जन्म १८३३ सालीं वेस्ट इंडीजमधील सेंट टॉमस बेटावर झाला होता. त्यांच्याकडे येणाऱ्या शिपायांच्या अंगावर बहुधा घाव नसे. तरणाबांड गडी; एखादा ताप किंवा हगवण होऊन गेलेली; पलटणींत परत रुजू होऊन बंदूक खांद्यावर घेऊन कूच करूं लागला, कीं त्याला सोबत्यांच्या बरोबरीनें चालवत नसे. छाती धडधडे, धाप लागे, डोळ्यांपुढें अंधारी येई आणि हृदयाच्या टोंकाशीं कळ मारी. आडवें पडल्यावर नाडी उतरे, उभा राहिला कीं ती पुन्हां धांवूं लागे. असे तीनशेंवर रोगी दा कोस्टा ह्यांनीं पाहिले आणि १८७१ सालीं आपला सविस्तर लेख प्रसिद्ध केला. ह्या विकाराला त्यांनीं 'चिडखोर हृदय' असें नांव दिलें.

दा कोस्टा ह्यांचें श्रेय दुहेरी आहे. हृदयाची रचना शाबूत असून त्याची चाल तेवढी बिघडलेली आहे, हें त्यांनीं ओळखलें. आणि असें ओळखूनहि त्या शिपायांना त्यांनीं ढोंगी ठरविलें नाहीं. लढाईच्या दिवसांत हें दुसरें काम पहिल्याहून अवघड असतें. ढोंगी शिपाई कसा उघडकीस आणावा ह्यावर मिचेलप्रभृति मंडळींनींच त्या काळीं एक निबंध लिहिला होता, ह्यावरून तेव्हांची हवा ध्यानांत येईल. पण दा कोस्टा ह्यांच्या मनांत एक भीति राहून गेली. आज नुसतें चिडलेलें हृदय उद्यां फुगेल आणि कायमचें बिघडेल, असें त्यांना वाटे. म्हणून त्यांचा उपाय म्हणजे दीर्घ विश्रांति आणि डिजिटॅलिस हें औषध. डॉक्टरांच्या मनांतली भीति रोग्याच्या अंथरुणांत उतरते, ती अशी.

इंग्लंडांत ह्याच सुमारास दोष पोशाखावर गेला. आर्थर मायर्स ह्या लष्करी डॉक्टरांनीं १८७० सालीं शिपायांच्या हृद्रोगाविषयीं पुस्तक लिहिलें आणि घट्ट अंगरखा, गळ्याशीं आवळलेली कॉलर व छातीवरचे पट्टे हींच रोगाचीं कारणें असें प्रतिपादन केलें. आरमारांतला खलाशी सैल कपडे घालतो आणि त्याला हा विकार कमी होतो, असा त्यांचा दाखला होता. तर्क वाईट नव्हता. पुढें पोशाख सैल झाला, पाठीवरच्या ओझ्याची मांडणी बदलली. कळ मात्र गेली नाहीं.

१९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें आणि ही कळ शेंकड्यांनीं नव्हे, हजारोंनीं मोजण्याची पाळी आली. ब्रिटिश सैन्यांत अशा शिपायांच्या कागदावर दोहोंपैकीं एक शिक्का पडे. एक 'डी. ए. एच.', म्हणजे हृदयाची चाल बिघडलेली, दुसरा 'व्ही. डी. एच.', म्हणजे हृदयाच्या झडपा बिघडलेल्या. अक्षरें तीन-तीनच, पण त्यांवर माणसाची नोकरी, पेन्शन, लग्न आणि रात्रीची झोंप अवलंबून असे. हे शिक्के पडत कसे? डॉक्टर छातीला नळी लावीत. ठोक्यांच्या मध्यें बारीकसा फूत्कार ऐकूं आला, कीं झडपेचा रोग ठरे. ज्याला कोणीं तपासलें नसतें तर जो आपल्या शेतांत किंवा खाणींत जन्मभर सुखानें राबला असता, तो गडी 'माझें हृदय गेलें' असें मनाशीं धरून महिनोन्‌महिने खाटेवर पडून राही. आणि इतके महिने पडून राहिल्यावर कोणाची छाती धडधडणार नाहीं?

ह्या गोंधळाला वळण लावणारे पहिले पुरुष सर जेम्स मॅकेंझी. स्कॉटलंडांतल्या एका शेतकऱ्याचा हा मुलगा. लँकेशायरमधील बर्नली ह्या गिरण्यांच्या गांवीं पंचवीस वर्षांहून अधिक काळ त्यांनीं साधी घरगुती डॉक्टरी केली आणि १९०७ सालीं ते लंडनला आले. मोठ्या रुग्णालयांतल्या पंडिताला रोगी दिसतो तो एकदां. मॅकेंझींना तोच माणूस वीस वर्षें दिसत आला होता. ज्याच्या छातींत फूत्कार ऐकूं येई, ज्याची नाडी मधूनच एक ठोका गाळी, तो विणकर दहा वर्षांनींहि मागावर उभा असलेला त्यांनीं स्वतः पाहिला होता. म्हणून त्यांचें म्हणणें असें कीं, हृदयांतून कसले आवाज येतात ह्यावर त्याची किंमत करूं नका. तें काम किती करूं शकतें ह्यावर करा. आज हें सोपें वाटतें. त्या वेळीं नळीवर भिस्त ठेवणाऱ्या मंडळींना तें पाखंड वाटलें.

मॅकेंझींच्या ह्या विचाराला प्रयोगाचें रूप दिलें तें टॉमस लुईस ह्यांनीं. ह्यांचा जन्म कार्डिफचा, १८८१ सालचा. हॉलंडमधील आइंटोव्हेन ह्यांनीं हृदयाच्या विजेची रेघ कागदावर उमटविणारें यंत्र सिद्ध केलें होतें, आणि लुईस हे त्या यंत्राचे इंग्लंडांतले सर्वांत जाणते अभ्यासक. गंमत अशी, कीं इतकें सूक्ष्म यंत्र हातांत असतां ह्या माणसानें शिपायांचा प्रश्न सोडविला तो यंत्रानें नव्हे, कवाइतीनें. १९१६ सालीं हॅम्पस्टेड येथें केवळ हृदयाच्या तक्रारी असलेल्या शिपायांसाठीं रुग्णालय चालूं झालें, आणि १९१७ त तें कोलचेस्टरला सोब्राँव लष्करी रुग्णालयांत हललें. सतलजच्या कांठीं १८४६ सालीं झालेल्या शीख युद्धांतल्या लढाईचें नांव त्या इमारतीला दिलेलें होतें, एवढाच काय तो तिचा आणि हिंदुस्थानचा संबंध.

तेथें काय करीत, तें जरा विस्तारानें पाहण्याजोगें आहे. आलेल्या शिपायाला खाटेवर डांबण्याऐवजीं त्याला हलकें काम करावयास लावीत. जिना चढणें, वजन उचलणें अशा श्रमानें त्याची नाडी किती चढते, श्वास किती वाढतो, आणि विश्रांतीनंतर दोन्ही किती वेळांत पूर्वपदावर येतात, हें टिपून ठेवीत. मग कवाइतीच्या पायऱ्या असत. पहिली अगदीं सौम्य, मग तिच्याहून कडक, असें करीत करीत अखेरीस भरपूर मजल मारण्यापर्यंत. ज्याला एक पायरी झेपली त्याला पुढची देत. ज्याला झेपली नाहीं त्याला मागें आणीत. ज्याचें हृदय खरोखर विकृत होतें, त्याचें बिंग अशा वेळीं लौकर फुटे आणि त्याला सैन्यांतून मोकळें करीत. बाकीच्यांचें हृदय आकारानें नीट, श्रमाला प्रतिसादहि नीट. फक्त सर्व कांहीं प्रमाणाबाहेर. कसलेला पहिलवान जोर काढून काढून दमल्यावर जसा धापा टाकील, तसा हा माणूस एक जिना चढून टाकी. लुईस ह्यांचा निष्कर्ष नेमका हाच होता. ह्या लोकांच्या तक्रारी कांहीं निराळ्या जातीच्या नाहींत. निरोगी माणसाला जबर श्रमानें जें जें होतें, तेंच ह्यांना थोड्या श्रमानें होतें. म्हणून त्यांनीं ह्या विकाराच्या नांवांतून हृदय काढून टाकलें आणि त्याला 'एफर्ट सिंड्रोम', म्हणजे श्रमाचा विकार, असें नांव दिलें. सरकारला अहवाल १९१७ सालीं सादर झाला. १९१८ त पुस्तक निघालें. दा कोस्टांची भिस्त ज्या डिजिटॅलिसवर होती, त्याचा ह्या रोग्यांना उपयोग होत नाहीं, हेंहि त्या काळींच दिसून आलें.

नांवांतून हृदय काढणें ही नुसती शब्दांची हौस नव्हती. 'हृदय' हा शब्द कागदावर असेतोंपर्यंत शिपाई बरा होत नसे. ज्या व्यायामानें कळ येते, तोच व्यायाम बेताबेतानें करूं दिला असतां कळ मागें हटते, हा अनुभव आला, कीं मग त्याला समजुतीच्या शब्दांची गरज उरत नसे. कसोटी आणि औषध हीं दोन्हीं एकच होतीं. हेबर्डन ह्यांचा तो लांकूड करवतणारा रोगी येथें आठवावा; मात्र त्याची वेदना हृच्छुलाची होती, आणि तरीहि बेताचा श्रम त्याला मानवला, हें विसरूं नये.

लुईस ह्यांचा एक कमीपणाहि सांगितला पाहिजे. मूळ कारण शरीरांतच कोठें तरी असावें, एखाद्या तापाचें विष मागें राहिलें असावें, असा त्यांचा ओढा होता. खंदकांतल्या भयाला त्यांनीं पुरतें माप घातलें नाहीं. ती उणीव दुसऱ्या महायुद्धांत भरून निघाली.

पॉल वुड ह्यांचा जन्म १९०७ सालीं निलगिरींतल्या कुन्नूर येथें झाला. वडील हिंदुस्थानांत सरकारी अधिकारी होते. लंडनमध्यें हृद्रोगाचे तज्ज्ञ म्हणून त्यांचें नांव झाल्यावर १९४१ सालीं त्यांनीं रॉयल कॉलेजपुढें, म्हणजे हेबर्डन ह्यांनीं जेथें निबंध वाचला त्याच संस्थेपुढें, ह्या विषयावर तीन व्याख्यानें दिलीं. वुड ह्यांनीं वेदनेचा नकाशा काढला. हृच्छूल छातीच्या मध्यावर आवळतो, श्रम चालूं असतां येतो आणि थांबलें कीं कांहीं मिनिटांत जातो. शिपायाची कळ डाव्या स्तनाखालीं असते; ती पुष्कळदां श्रमाच्या वेळीं न येतां मागाहून येते; कधीं टांचणी टोंचल्यासारखी क्षणभर, कधीं तासन्‌तास ठणकत; आणि त्या जागीं बोट दाबलें तर दुखतें. वुड ह्यांनीं त्या दुखऱ्या जागीं बधिर करणाऱ्या औषधाची सुई टोंचली आणि कळ थांबली. म्हणजे कळ हृदयांतली नव्हतीच; ती छातीच्या भिंतींतली, तेथल्या स्नायूंतली होती. वेदना खरी, जागा खरी. खोटा होता तो तिचा लावलेला अर्थ. भ्यालेल्या माणसाची छाती धडधडते, श्वास वर चढतो, स्नायु ताठ होतात; त्याला वाटतें हा हृद्रोग; कोणी डॉक्टर कपाळाला आठी घालून 'जपा' म्हणतो; आणि मग श्रम व भय ह्यांची त्याच्या मनांत अशी गांठ बसते, कीं नुसत्या धांवण्याच्या विचारानेंहि छाती धडधडूं लागते.

ही गांठ सोडविण्याचें काम लंडनजवळ मिल हिल येथें चाललें होतें. तेथली शाळा युद्धकाळापुरती रुग्णालय झाली होती. मॅक्सवेल जोन्स ह्या तरुण मानसवैद्यांकडे श्रमविकाराच्या शंभर खाटा होत्या. श्रमानें ह्या लोकांच्या शरीरांत काय घडतें, ह्याचीं मोजमापें त्यांनीं घेतलींच. परंतु एकेकट्या रोग्याला तेंच तें समजावून सांगण्याचा कंटाळा म्हणा, कीं वेळेची अडचण म्हणा, त्यांनीं सर्वांना एकत्र बसवून शरीराचें ज्ञान शिकवावयास आरंभ केला. धाप कां लागते, स्नायु कसा दुखतो, भयानें नाडी कशी धांवते, ह्यांचे धडेच सुरू झाले. शाळेच्या इमारतीनें आपला धर्म सोडला नाहीं म्हणावयाचें! थोड्याच दिवसांत जुने रोगी नव्यांना समजावूं लागले. आणि शिपायाला शिपायाचें बोलणें डॉक्टरांच्या बोलण्याहून अधिक पटे.

येथें ही कथा संपली असती तर बरें झालें असतें. पण वुड ह्यांनीं आंखलेली रेघ वाटली तितकी सरळ नाहीं, असें मागाहून दिसून आलें. १९६३ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट ब्रूस ह्यांनीं सरकत्या पट्ट्यावर पायरीपायरीनें वेग आणि चढ वाढवून हृदयाची रेघ टिपण्याची पद्धत प्रसिद्ध केली. कोलचेस्टरच्या कवाइतीचेंच हें यांत्रिक रूप, आणि आज ती गांवोगांवच्या मोठ्या दवाखान्यांत पाहावयास मिळते. तिनें पुष्कळांचे प्राण वाचले. तरीहि तिचा कौल कधींमधीं चुकतो. स्त्रियांना व मधुमेह्यांना हृदयाचा खरा आजार हेबर्डन ह्यांच्या वर्णनाला सोडून, नुसत्या थकव्याच्या किंवा धापेच्या रूपानेंहि येतो, हें आतां सर्वमान्य आहे. आणि १९९० सालीं जपानी डॉक्टरांनीं एक विलक्षण विकार वर्णिला. जबर धक्का किंवा शोक झाला असतां, रोहिण्या मोकळ्या असूनहि हृदयाचा एक भाग तात्पुरता लुळा पडतो आणि हृदय फुग्यासारखें दिसूं लागतें. जपानी कोळी माखली पकडण्यासाठीं जें मडकें वापरतात, त्याच्या आकारावरून ह्याला 'ताकोत्सुबो' म्हणतात. येथें मनावरचा ताण हेंच कारण आणि हृदयाची इजा हेंच कार्य. 'काळीज फाटलें' असें म्हणणारी आपली आजी अगदींच भोळी नव्हती म्हणावयाची. म्हणूनच श्रमाबरोबर छातींत येणारी नवी वेदना ही मनाची आहे असें माणसानें घरबसल्या ठरवूं नये, आधीं ती हृदयाची नाहीं एवढें पाहून घ्यावें, असें आजचे डॉक्टर सांगतात.

ज्यांनीं हा भेद शोधला, त्यांच्या छातींतहि हा प्रश्न होताच. मॅकेंझींना अनेक वर्षें हृच्छूल होता. १९२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ह्या विषयावरील ग्रंथांत त्यांनीं इतर रोग्यांच्या हकीकतींबरोबर आपलीहि हकीकत, नांव न घालतां, रोग्याचा एक अनुक्रमांक म्हणून, छापून टाकली. १९२५ त ते वारले. त्यांच्या हृदयाची परीक्षा झाली आणि रोहिण्या खरोखरच विकृत निघाल्या. लुईस ह्यांना पहिला झटका पंचेचाळिशीच्या सुमारास आला. त्यांनीं धूम्रपान सोडलें, काम मात्र सोडलें नाहीं, आणि पुढें वेदना ह्याच विषयावर पुस्तक लिहून १९४५ सालीं ते हृदयविकारानेंच गेले. पॉल वुड ह्यांना १९६२ च्या जुलै महिन्यांत छातींत वेदना सुरू झाली. दुसऱ्यांच्या छातींतल्या हजारों कळा त्यांनीं निवडल्या होत्या; ही कोणती, हें ओळखावयास त्यांना वेळ लागला नाहीं. तेव्हां ते चौपन्न वर्षांचे होते.